रफू नेमकं कुठं आहे

"कुठंय रफू?" मेळ्यात आलेल्या एका गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, कोट उन्हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "मला तर काहीच दिसत नाही."

"न दिसणं हेच तर रफू," आमचे हे म्हणाले आणि खुर्चीत जरा ताठ बसले. मग खिशाच्या अगदी कडेला बोट ठेवून त्यांनी जागा दाखवली. गृहस्थांनी वाकून पाहिलं, मान डोलावली आणि कमाल आहे असं म्हणत शेजारच्या सायकलवाल्याकडे गेले.

मी दोऱ्यांच्या रिळांकडे बघत राहिले. कारण जागा चुकली होती. खरी जागा खिशाच्या वर चार बोटं आहे. मी ती विसरणं शक्यच नाही, ह्यांचा हा कोट जाळला होता मीच. लग्नाच्या पहिल्या वर्षी इस्त्रीतला निखारा पडला, छातीवर नाण्याएवढं भोक. मी दिवसभर रडले आणि ह्यांनी दोन दिवसांत असं रफू केलं, की पुढे माझ्या सासूबाईंना आयुष्यभर पत्ता लागला नाही.

पूर्वी ह्यांना ती जागा डोळ्यांनी सापडायची. आता सापडत नाही, हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. आधी ह्यांनी दुकानातली खुर्ची दारात आणली, उजेड चांगला येतो म्हणून. मग सुई ओवायचं काम माझ्याकडे आलं, तू रिकामीच बसलीयेस म्हणून. आणि एक दिवस लोकांचे कपडे तसेच परत करून दुकान बंद केलं. हल्ली कोण रफू करतंय, म्हणाले. मी हो म्हटलं. विचारणाऱ्या प्रत्येकाला मीही तेच सांगत आले. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं तर एकमेकांचं झाकून घ्यावंच लागतं.

ह्या मेळ्यात आम्हाला आणलं सूनबाईनं. मोठं मैदान, कापडी मंडप, सेंद्रिय भाज्या, बियाणं, उन्हावर शिजवायच्या पेट्या, पाणी प्यायचं तर पेला घरून आणायचा. सूनबाईच्या गॅलरीतल्या डब्यात गांडुळं आहेत आणि त्यांचं जेवण झालं का, ही चौकशी आमच्या आधी होते, असं मी तिला चिडवते. तिनंच इथं जुन्या वस्तू दुरुस्त करून देणारा कट्टा मांडला होता. एका बाजूला सायकलवाला, दुसरीकडे छत्र्या नीट करणारी बाई, मध्ये आम्ही. सुनेला नाही म्हणणं ह्यांना जमत नाही. मला एका दमात म्हणतात. शिवाय ह्यांचा हिशेब सरळ होता, मेळ्याला फाटके कपडे घेऊन कोण येतंय? कोट दाखवायचा, चार गप्पा मारायच्या, दिवस काढायचा. आपले डोळे उघडे पडणार नाहीत.

हिशेब चुकला. कॉलेजात जाणारी एक मुलगी आली आणि तिनं राखाडी स्वेटर पुढे केला. कोपराला लिंबाएवढं भोक. ह्यांनी ते चाचपलं.

"आजोबा, लाल लोकरीनं करा," ती म्हणाली.

"राखाडीवर लाल? अगं, फाटलेलं सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे की. फाटलं होतं आणि टाकून नाही दिलं, हे कळायला नको का?"

जन्मभर ह्यांनी ज्याच्यावर पडदा टाकला, त्याची ही पोर दवंडी पिटायला निघाली होती. धागा कपड्याच्या आतल्या शिवणीतूनच काढायचा असतो, बाहेरचा धागा लावणं हे रफू नाही, असं त्यांनी तिला बऱ्यापैकी तोडून सांगितलं. मला मात्र त्यांच्या आवाजात सुटल्याचा आनंदही ऐकू आला. आयतं निमित्त मिळालं होतं.

मग मीच मोठी सुई घेतली, लाल लोकर ओवली आणि बसले. मी मुद्दाम वाईट टाके घातले असं हे आजही म्हणतात. खरं सांगायचं तर मला तेवढेच येतात. ह्यांनी पाच टाके कसेबसे सहन केले.

"अगं, किती ओढतेस. कापडाचा गळा आवळशील. आण इकडं."

लोकर जाड, सुई जाड, भोक मोठं, लाल रंग भडक. पहिले दोन टाके हे चाचपडले. नंतर ह्यांचं कोपर जुन्या जागी टेकलं, मान सरळ झाली. आधी उभे धागे, मग एक खाली एक वर आडवे. ह्यांना दिसत होतं. मी पेल्यातलं पाणी पिण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

मुलीनं स्वेटर घातला आणि कोपर वाकडं करकरून चौकोन पाहिला. तो पाहून आणखी दोघी आल्या, मग रांगच लागली. दुपारी ह्यांनी सुई कॉलरला टोचून घाईघाईनं चार घास खाल्ले. रंगही आता हेच ठरवू लागले. एका पोक्त माणसाला म्हणाले, तुम्हाला हिरवा नको, केशरी घ्या. तो बिचारा निमूट केशरी लावून गेला. स्टेजवरून कुणीतरी जुनं टाकू नका असं कर्ण्यातून सांगत होतं. मी ह्यांच्याकडे पाहून म्हटलं, ऐकताय ना, म्हणजे मला अजून धोका नाही. हे हसले. किती दिवसांनी असे हसले.

ऊन उतरल्यावर एक बाई आल्या. वडिलांचा काळा कोट, तलम कापड, कसरीनं पाडलेलं बारीक भोक. त्यांना जुन्या पद्धतीचंच हवं होतं, न दिसणारं. सूनबाई शेजारीच होती. ती कौतुकानं म्हणाली, त्यात आमच्या बाबांचा हात धरणारं कुणी नाही.

ह्यांनी कोट मांडीवर घेतला. सवयीनं आतली शिवण उसवून एक धागा काढला, उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. मंडप आवरायला घेतलेत, आता उशीर झाला, ही थाप माझ्या जिभेवर तयार होती.

"हे माझ्याच्यानं होणार नाही," हे म्हणाले. "मला बारीक दिसत नाही. दोन वर्षं झाली."

सूनबाईचा चेहरा उतरला. उद्याच डॉक्टरांकडे जाऊ, असं ती म्हणाली.

"जाऊन आलोय. आतला पडदा खराब झालाय. गेलं ते येणार नाही, आहे ते टिकेल म्हणाले."

डॉक्टरांचं मलाही माहीत नव्हतं. माझ्यापासूनही लपवलं, ह्याचा रागच आला. पण भांडायची ती वेळ नव्हती. रंगीत चालत असेल तर आत्ता करून देतो, असं हे त्या बाईंना म्हणाले. त्यांनी विचार करते म्हटलं आणि कोटाची घडी नीट घालून, नमस्कार करून गेल्या.

सूनबाई डोळे पुसत टेबलं उचलायला गेली. मी रिळं पिशवीत भरत होते. ह्यांनी आमचा कोट मांडीवर ओढला.

"सकाळी मी चुकीच्या जागी बोट ठेवलं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू रिळांकडे बघायला लागलीस."

मी त्यांचं बोट धरलं आणि खिशाच्या वर चार बोटं नेऊन ठेवलं. "इथं."

त्यांनी डोळे मिटून ती जागा कितीतरी वेळ चाचपली, एकदा उभी, एकदा आडवी.

"चांगलं केलंय," म्हणाले, दुसऱ्या कुणाचं काम तपासल्यासारखे.