राखाडी ओटा

काळा ओटा मी या घरात येऊ देणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. सूनबाईनं मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, "आई, हा ग्रॅनाइट बघा ना, अगदी आरशासारखा चमकतो." मी म्हटलं, "आरसा बाथरूममध्ये आहे की. ओट्यावर मला कांदा चिरायचाय, भांग पाडायचा नाहीये."

चिरंजीव खो खो हसले. सून हसली नाही. तिनं मोबाइल बंद केला आणि "बरं" म्हणाली. तिचं 'बरं' मला चांगलं कळतं. त्यात बरं काही नसतं.

मग मी कारणं सुरू केली. काळ्या चकचकीत दगडावर पाण्याचा थेंब वाळला की पांढरा डाग पडतो. बोट लावलं की बोट उमटतं. दिवसभर फडकं घेऊन त्याच्याच मागे लागायचं, मग स्वयंपाक कधी करायचा? सगळी कारणं खरी होती, माझं त्यातलं एकही नव्हतं. माझं कारण असं, की मला तो फोटो दिसलाच नव्हता.

वर्ष होत आलं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक मळकट डाग बसलाय. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं, आजूबाजूचं दिसत राहतं. रंगही विटलेत, धुऊन धुऊन कपड्याचे विटतात तसे. मैत्रिणीकडे जाते असं घरी सांगून मी एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, "पडदा झिजतोय. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं सांभाळू शकतो. पुढच्या वेळी घरातल्या कुणाला तरी घेऊन या." मी हो म्हटलं आणि पुन्हा तिकडे फिरकले नाही.

का नाही फिरकले? कारण आमच्या ह्यांच्या हाताला कंप सुटला तेव्हा काय झालं ते मी पाहिलंय. आधी दाढीचं ब्लेड गेलं. मग चहाचा कप दुसऱ्याच्या हातून. मग दाराची किल्ली. सगळं अगदी प्रेमानं हं, कुणी कुणाला वावगं बोललं नाही. 'बाबा, तुम्ही बसा.' हे बसले. बसून बसून गेले. मला बसायचं नव्हतं. माझ्या मालकीचं आता या घरात काय आहे? स्वयंपाकघर. तेही गेलं तर सकाळी उठायचं कशाला?

मला राखाडी दगड हवा होता, पॉलिश न केलेला, मऊ. चकचकीत दगडात वरचा दिवा उतरतो आणि माझ्या डोळ्यांपुढे सगळं पांढरंफेक होतं. राखाडीवर पांढरं ताट उठून दिसतं आणि काळी कढईसुद्धा. हा विचार मी महिनाभर केला होता. सून शेवटी राखाडीला हो म्हणाली, तरी बाकीच्यांना वाटलं, म्हातारीला सुनेचं काही पटतच नाही.

दगडाच्या वखारीत आम्ही तिघं गेलो. भल्यामोठ्या लाद्या लोखंडी घोड्यांना टेकून उभ्या, सगळ्यांवर धुळीचा थर. दगडवाला बोलका होता. म्हणाला, "आजी, धुळीवर जाऊ नका. पाणी मारलं की खरा रंग कळतो." मी म्हटलं, "मग मारा की. तो राखाडी दाखवा." राखाडी लादी कुठे आहे ते मी मघाशीच त्याच्या बोलण्यावरून हेरून ठेवलं होतं. पाण्याचा सपकारा ऐकू आला. मी पुढे झाले, हात लावला. ओला. गार. खरखरीत नाही, गुळगुळीतही नाही, अगदी मला हवा तसा. हातानं मी आख्खी लादी चाचपली, कुठे चीर नाही, खळगा नाही.

"हाच," मी म्हटलं.

"हा, आई?" सून म्हणाली. "अहो, पण हा तर..."

"हाच म्हटलं ना! एकदा सांगितलेलं कळत नाही का? का मला दगडही निवडता येत नाही आता?"

माझा आवाज चढला होता. चिरंजीव बायकोला हळूच म्हणाले, "जाऊ दे गं, तिला आवडलाय ना." दगडवाल्यानं खडू दिला, कारण ज्याची लादी त्यानं खूण करायची, म्हणजे नंतर अदलाबदल झाली असं कुणी म्हणू नये. मी चांगली हातभर फुली मारली. खूण केली, कापली की लादी परत घेत नाहीत, हे त्यानं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, परत द्यायला आणलीये कुणी?

घरी येताना गाडीत मी खुशीत होते. जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मिस्त्रीनं ओटा बसवला, सिंकचा चौकोन कापला, कडा गोल घासून दिल्या. जाताना सांगून गेला: लिंबू, व्हिनेगर, टॉयलेटचं अ‍ॅसिड दगडाला लावायचं नाही. तापलेलं भांडं थेट ठेवायचं नाही, घासत ओढायचं नाही. साध्या साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. आणि अधूनमधून चार थेंब पाणी टाकून बघायचं. थेंब तसेच राहिले तर ठीक, दगड प्यायला तर वरून पुन्हा पाणी अडवणारं सीलर मारायचं.

मी त्या ओट्याची जेवढी काळजी घेतली तेवढी कुणी तान्ह्या पोराची घेत नसेल. थेंब टाकायचे आणि थोड्या वेळानं बोट फिरवून बघायचं, ओलं आहे का कोरडं. लिंबू चिरायचं तर ताटात. भांड्याखाली लाकडाची पट्टी. रात्री सगळं आवरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फडकं.

आणि माझं पुसून झालं की सून यायची आणि पुन्हा पुसायची.

मी खुर्चीत बसलेली, आणि ती आपली फडकं पिळते, पुसते, पिळते. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. एकदा मी म्हटलंच, "स्वच्छच आहे तो." ती म्हणाली, "कॉफीचे गोल राहिलेत, आई." मी म्हटलं, "तुझ्या डोळ्यांना डागच दिसतात." त्या दिवसापासून 'आपला ओटा' गेला आणि 'तुमचा ओटा' आला. तुमच्या ओट्यावर डबा ठेवू का. तुमच्या ओट्यावर तेल सांडलंय. मी मनात म्हणायचे, काळा दगड मिळाला नाही म्हणून किती दिवस तोंड फुगवून बसणार ही बया? नवराही तिलाच सुनवायचा, "आता पुरे कर ना, एका दगडापायी घरात किती धुसफूस!" ते ऐकून मला बरं वाटायचं. हो, वाटायचं.

आमच्या नातीला आम्ही चिमणी म्हणतो. चार वर्षांची आहे, तोंडाला कुलूप नाही. ती एकदा ओट्यावर थाप मारून म्हणाली, "लाल लाल ओटा!" मी म्हटलं, "लाल नाही गं, राखाडी." ती म्हणाली, "लाल!" मी हसले. ही केळ्याला हिरवं म्हणते आणि कावळ्याला निळा. तिच्या साक्षीवर कोण विसंबणार?

परवा दुपारी चिमणी माझ्यामागे भुणभुण करत होती. "आजी, वर बसव. मला बघायचंय." मी कांदे चिरून बाजूला ठेवले होते. तिला काखेत धरून उचललं आणि ओट्यावर बसवलं, नेहमी बसवते तशी, भिंतीकडे पाठ करून. तिचे पाय लोंबकळत होते. मी बटाटे घ्यायला खाली वाकले.

"आई!"

सून दारातून अशी किंचाळली की माझ्या हातातला बटाटा सुटला. ती धावत आली, चिमणीला ओट्यावरून ओढून घेतलं, छातीशी धरलं. चिमणी भोकाड पसरून रडायला लागली, आईच्या घाबरण्यानंच. लागलं काहीच नव्हतं. काहीच नव्हतं लागलं.

"सुरी!" सून म्हणाली. "तिच्या मांडीला लागून सुरी होती, आई. उघडी. पातं वर. तिचा हात सुरीवरच चालला होता. तुम्हाला दिसली नाही?"

मला दिसली नव्हती. मी ती सुरी शोधतच होते, कांदे चिरल्यापासून. त्याच वेळी गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

"ओरडतेस काय एवढी?" मी म्हटलं. "पोरीला काही झालंय का? तुला ना, निमित्त हवं. त्या दगडापासून डोक्यात राख घालून घेतली आहेस. तुला काळा हवा होता, मी राखाडी घेतला, हेच ना तुझं दुखणं? घेतला राखाडी! घर माझंही आहे. मला राखाडी आवडतो!"

चिमणीचे हुंदके तेवढे चालले होते.

"आई," सून फार हळू म्हणाली, "ओट्याचा रंग कुठला आहे?"

"म्हणजे?"

"आत्ता, हा समोरचा ओटा. कुठल्या रंगाचा आहे?"

"राखाडी," मी म्हटलं. पण म्हणतानाच चिमणीची थाप आठवली.

सून खुर्चीत बसली. पोरीला मांडीवर घेऊन बसली आणि रडायला लागली. मला कळेना आता ही का रडते. मग म्हणाली, "लाल आहे तो. तांबडालाल. वखारीत राखाडी शेजारीच होता. दगडवाल्यानं दोन्हींवर पाणी मारलं, फरक दाखवायला. तुम्ही लालवर हात ठेवलात. मी सांगायला गेले तर माझ्यावर ओरडलात, सगळ्यांसमोर. मला वाटलं, मी हो म्हणेन असा कुठलाच दगड तुम्हाला चालणार नाही. राखाडीला मी हो म्हटलं म्हणून तुम्ही मुद्दाम लाल घेतलात. मला लाल अजिबात आवडत नाही, आई. रोज सकाळी इथे उभी राहिले की वाटायचं, एवढा कसला राग आहे आईंना माझा?"

मी ओट्यावर हात ठेवला. हाताला तो अजूनही राखाडीच लागत होता, काय सांगू!

"राग नव्हता गं," मी म्हटलं. "दिसत नव्हतं."

मग सगळंच सांगितलं. मधला डाग, विटलेले रंग, डॉक्टरीणबाई, मैत्रिणीचं निमित्त. ती ऐकत होती. चिमणी तिच्या मांडीवर झोपून गेली. शेवटी तिनं विचारलं, "उरलेलं सांभाळू शकतो म्हणाल्या होत्या ना त्या? मग तुम्ही गेला का नाहीत पुन्हा?"

"मग तुम्ही मला इथे उभं राहू दिलं असतं?"

तिनं खोटं उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं मला, पण ती पोरगी खोटं बोलत नाही. "माहीत नाही," ती म्हणाली. "आज विचाराल तर नाही."

कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. चिरंजीव आज लवकर आले होते. मी डोळे पुसले, तिनंही पुसले असावेत. तिनं माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाली, "मी काही सांगणार नाही. तुम्ही ठरवा." आणि दंड सोडून दिला.

तो आत आला. "काय गं, आज दोघी एका खोलीत? आणि तेही गप्प? कुठला सण आहे का?"

कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हणाले असते तर पटकन खपलं असतं. कांदे तिथेच होते चिरलेले. सून एक अक्षर बोलली नसती, हे मला पक्कं माहीत होतं. पण चिमणी झोपेत तोंडानं चुक चुक आवाज करत होती, आणि उद्या ती पुन्हा म्हणणार होती, आजी, वर बसव.

"अरे," मी म्हटलं, "हा ओटा लाल आहे म्हणे."

तो मोठ्यानं हसला. "म्हणे काय, आई? एवढं भांडून तूच आणलास की. लाल नाही तर काय राखाडी आहे?"

"मला वाटत होतं, राखाडी आहे."

तो अजून हसतच होता. मग हसणं अर्ध्यात तुटलं. बॅग त्यानं जमिनीवर ठेवली. बायकोला काहीतरी विचारल्यासारखं त्यानं तिचं नाव घेतलं, ती बोलली नाही. मग तो पुढे आला, अगदी माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आई, माझ्याकडे बघ."

"बघतेच आहे रे," मी म्हटलं.