चाक थांबेपर्यंत

“हात सोडला की थांबतं का ह्ये?” नागव्वाने विचारलं.

सात रस्त्याजवळच्या त्या दुकानात हिरवळ कापायची दोन यंत्रं समोर ठेवली होती. दोन्ही बॅटरीवर चालणारी. दुकानदार मानसिंग इंद्रायणीबाईंना त्यातल्या मोठ्या यंत्राचे गुण सांगण्यात गुंतला होता.

“रुंद पातं आहे मॅडम. एका चार्जिंगमध्ये तुमचं सगळं अंगण होऊन जाईल.”

“मग हेच घेऊ,” बाई म्हणाल्या. “नागव्वा, धरून बघ बरं.”

नागव्वा जागची हलली नाही. बाईंच्या बंगल्यातली हिरवळ अकरा वर्षं ती उकिडवी बसून कात्रीने कापत आली होती. यंदा गुडघे वाकेनात. बाईंचा मुलगा ओजस पुण्याहून फोनवर म्हणाला, “आई, नर्सरीवाल्याला काम देऊन टाक.” बाईंनीच मशीनचा मार्ग काढला. ते चालवता आलं तर नागव्वाचं काम राहणार होतं.

“अगं, घाबरतेस काय?”

“न्हाय बाई,” ती म्हणाली. पण तळहात लुगड्याला पुसले.

तेरा वर्षांपूर्वी, मंगळवेढ्याकडे गावी असताना, तिचा नवरा गुरुलिंग कडबाकुट्टीत, म्हणजे गुरांचा चारा बारीक करायच्या यंत्रात, कडबा सारत होता. सदऱ्याची बाही आत ओढली गेली. “बटन!” तो ओरडला. नागव्वाने झेप घेऊन बटन दाबलं. चाक फिरतच राहिलं. थांबलं तेव्हा त्याच्या उजव्या हाताची चार बोटं उरली नव्हती.

“हिनं येळंवर बटन दाबलं असतं तर हात वाचला असता,” सासू आल्यागेल्याला सांगायची. गुरुलिंग खाली मान घालून बसायचा. “मी लगीच दाबलं हुतं,” असं नागव्वा सुरुवातीला म्हणायची. मग म्हणेनाशी झाली. पुढे पुढे तिलाच वाटू लागलं, आपला पाय कुठेतरी अडला असेल.

मानसिंगने बॅटरी बसवली आणि दोन्ही यंत्रं दुकानामागच्या मोकळ्या जागेत नेली. “एका हातानं बटन दाबा मावशी, दुसऱ्यानं हा दांडा ओढा.”

मोठं यंत्र घरघरलं. नागव्वाच्या कोपरापर्यंत थरथर चढली. चार पावलं ती चालली आणि तिने हात सोडला.

आवाज थांबला नाही.

“बंद केलं म्या!” ती मागे उडी मारून ओरडली. “हात सोडला की वो! फिरतंय अजून!”

दुकानातली गिऱ्हाइकं दारात येऊन बघू लागली. बाई पुढे धावल्या. मानसिंग हसला.

“मावशी, बंदच झालंय. मोटर थांबते, पण पात्याला वेग असतो की. थोडा वेळ फिरणारच. कुठलंही मशीन घ्या, बटन दाबल्या दाबल्या थांबत नाही.”

“कुटलंबी?”

“कुठलंही. जितकं जड, तितकं जास्त फिरतं.”

“कडबाकुट्टी?”

“तिचं तर लोखंडी चाक. बंद केल्यावर किती वेळ फिरतं, तुम्ही बघितलं असेल की.”

नागव्वा तिथल्याच एका खोक्यावर बसली. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली, पण उघडली नाही. मग बाटली खाली ठेवून उठली, लहान यंत्र सुरू केलं आणि हात सोडून ओठांतल्या ओठांत मोजलं. दोन म्हणेपर्यंत पातं गप्प झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मोजलं.

“ह्ये घ्या बाई.”

“अगं, ह्यानं अर्धंच अंगण होईल.”

“ऱ्हायलेलं दुसऱ्या दिशी कापीन.”

“मोठं घेतलं तर एकदाच...”

“चालवणार मी हाय बाई.”

अकरा वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मानसिंगला म्हणाल्या, “लहानच द्या.”

संध्याकाळी घरी आल्यावर तिने गुरुलिंगला सगळं सांगितलं. “बटन दाबल्यावर चाक फिरतंच म्हनं. म्या लगीच दाबलं हुतं. कळ्ळं का? लगीच!”



“मला ठावं हुतं,” तो म्हणाला. “मोटरीचा आवाज तवाच बंद झाला हुता.”

“मग बोलला का न्हाय?”

“आईपुडं कसं बोलायचं?”

“आत्ती जाऊन सा वर्सं झाली.”



नागव्वाने चुलीवरची आमटी उतरवली. त्याला डाव्या हाताने खाता यावी म्हणून भाकरी आमटीत बारीक कुस्करली आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. एरवी ती त्याच्यासमोरच जेवायला बसे. आज आपलं ताट उचलून ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.