आमच्यात

विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये वाढायला असणारी मावशी चाळीस वर्षांपूर्वी सीमेपलीकडून आली होती, आणि टाचणी त्याच देशाच्या समाजावर, अर्थकारणावर, संस्कृतीवर पीएच.डी. करत होती. टाचणी हे नाव वसतिगृहातल्या मुलींनी ठेवलेलं. दिसेल तो चिठोरा ती टाचून ठेवायची. त्या देशाचा व्हिसा तिला दोनदा नाकारला गेला. मग घरबसल्या देश सापडला म्हणून ती मावशीपाशी बसू लागली. मावशी ओले हात फडक्याला पुसत विचारायची, पोथी कुठवर आली गं? आणि तिच्या ताटात एक डाव जास्त वाढायची.

एकदा मावशीनं तिला हातझाक सांगितली. आपल्या वाट्याचा घास दुसऱ्याच्या ताटात सरकवायचा, वर तळहात झाकायचा आणि तोंड फिरवायचं. घेणाऱ्यानं हाताखालून ओढून घ्यायचा. किती दिलं, किती घेतलं, कुणी पाहिलेलंच नसतं. मग लाज कसली? ‘आमच्यात असंच करतात,’ मावशी म्हणाली.

टाचणीनं लिहिलं: त्या देशात असंच करतात. त्या एका वाक्यावर तिसरं प्रकरण उभं राहिलं, तिसऱ्यावर चौथं, आणि पाच वर्षांत तीनशे पानांचा प्रबंध झाला. मार्गदर्शक सरांनी तर हातझाकीवर परिषदेत निबंधही वाचला, स्वतःच्या नावानं.

तोंडी परीक्षा खुली होती. बाहेरचे परीक्षक आले ते नेमके त्याच देशातले. टाचणीनं मोठ्या हौसेनं मावशीलाही बोलावलं होतं. अर्ध्या दिवसाची रजा काढून, इस्त्रीचे कपडे घालून मावशी शेवटच्या रांगेत बसली होती.

परीक्षकांनी प्रबंध मिटला. साठ वर्षं त्या देशात काढली, गावोगाव हिंडलो, पण ही रीत कानावरसुद्धा आली नाही, असं ते म्हणाले. सांगणारं माणूस कुठं भेटेल? टाचणीनं शेवटच्या रांगेकडे बोट केलं. मावशी उठून उभी राहिली. परीक्षक तिच्याशी फार गोड बोलले.

‘आमच्यात म्हणजे कुणात, आजी?’

‘आमच्यात म्हणजे आमच्या घरात. आई, मी नि धाकटी. आणखी होतं कोण? घास दोन, तोंडं तीन.’

सभागृह हसलं. एका प्राध्यापकांनी विचारलं, मग या तिघींच्या अर्थव्यवस्थेचं दरडोई उत्पन्न किती धरायचं? पुन्हा हशा. सगळे हसताहेत म्हणून मावशीही हसली. धाकटी त्यातून जगली का, हे कुणी विचारलं नाही, म्हणून ती जगली नाही हे तिनंही सांगितलं नाही.

सरांनी टेबलावरून एक चिठ्ठी सरकवली. ‘तिनं खोटं सांगितलं म्हण. नाहीतर पाच वर्षं पाण्यात.’ टाचणीनं चिठ्ठी वाचली, घडी घातली, आणि खाली बघत म्हणाली,

‘या बाईंनी मला खोटं सांगितलं.’

काल दुपारपर्यंत जी मावशी होती, ती एका वाक्यात ‘या बाई’ झाली.

समितीनं उदार मनानं तोडगा काढला. दोन प्रकरणं वगळायची, शेवटी खुलासा जोडायचा, त्याखाली सांगणाऱ्या बाईची सही घ्यायची आणि पाचच्या आत कागद कचेरीत द्यायचा. मग पदवी द्यायला हरकत नाही.

टाचणी कॅन्टीनमध्ये गेली तेव्हा मावशी कपडे बदलून ताटं घासत होती. अक्षर बारीक आहे, तूच वाच, मावशी म्हणाली. टाचणीनं एकही शब्द न गाळता वाचलं: मी संशोधिकेला जाणूनबुजून खोटी माहिती दिली.

‘जाणूनबुजून म्हणजे?’

‘म्हणजे ठरवून.’

मावशीनं नळ बंद केला.

‘नि मी सही केली की तुझी पोथी पुरी होते?’

‘हो.’

मावशीनं हात कोरडे केले आणि एकेक अक्षर दाबत आपलं नाव लिहिलं. मग कागद टाचणीच्या बाजूला सरकवला, त्यावर तळहात झाकला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

ज्या रीतीवर टाचणीनं शंभर पानं लिहिली होती, ती तिनं पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिली. तिनं हाताखालून कागद ओढून घेतला. शाई थोडी पसरली होती. नाव वाचता येतंय ना, एवढं उजेडाला धरून पाहिलं आणि ती कचेरीकडे धावली. पाचाला दहा मिनिटं कमी होती.