दाराबाहेरचं मशीन

“कालचं तिच्या तोंडात घालू नकोस, लुह. माणसाला शिळं दिलं तर तो बोलून दाखवतो. तिला तेवढंही येत नाही.”

माझी सासू, मेमे, शेवटच्या आजारात अंथरुणावरून मला हे सांगत होती. ‘ती’ म्हणजे सेलेम, आमची काळी डुकरीण. तेव्हा मांजराएवढी होती. साथीत बंजारातले, म्हणजे आमच्या वस्तीतले, सगळे गोठे ओस पडले होते आणि आमच्याकडे ते एकच पिल्लू उरलं होतं. हिचा वंश पुढे चालला पाहिजे आणि हिला रोज ताजं मिळालं पाहिजे, असं मेमेनं माझ्याकडून वचन घेतलं. बापा, म्हणजे माझे सासरे, उशाशी बसले होते. तेही म्हणाले, “काळजी करू नकोस, लुहला मी एकटं पडू देणार नाही.”

बापांनी त्याआधी स्वयंपाकघराचं छप्पर शाकारून देतो असंही वचन दिलं होतं. ते अजून गळतं. त्यामुळे मी माझ्या वचनाचंच तेवढं धरून चालले.

दोन वर्षं मी सकाळ-संध्याकाळ केळीची खोडं चिरली, कोंड्यात शिजवली आणि सेलेमपुढे ठेवली. आता नंतर विकत घेतलेली धरून गोठ्यात नऊ डुकरं आहेत, सेलेम पहिल्यांदाच गाभण आहे, आणि माझा उजवा खांदा कामातून गेला आहे. कोयता वर उचलला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून मीच एकदा माझ्या नवऱ्याला, सुकार्यला (नवऱ्याला आणि थोरल्या भावाला आमच्यात ‘ब्ली’ म्हणतात), म्हटलं, “ब्ली, खाद्याच्या गोळ्या पाडायचं एक लहान मशीन घेऊ या. घरच्या विजेवर चालेल असं. कोंडा, मक्याचा भरडा, वाळका पाला घातला की रोजच्या रोज गोळ्या तयार. मला एकटीला जमेल.”

एवढंच बोलले. शब्द तोंडातून गेला आणि मशीन माझं राहिलं नाही.

माझा एक नेम आहे. भात झाला की पानाच्या तुकड्यांवर त्याचे इवले घास घ्यायचे. चुलीपाशी, पाण्यापाशी, उंबऱ्यावर, गोठ्यात, देवघरात ठेवायचे. आणि शेवटचा घास ठेवेपर्यंत कुणालाही वाकडा शब्द बोलायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून तो मोडलेला नाही. घरातल्या पुरुषांना हे पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे ज्या गोष्टीवर मी काही बोलेन अशी त्यांना शंका असते, ती गोष्ट ते नेमकी माझ्या हातात नैवेद्याचं तबक असताना काढतात.

“तासाला पन्नास किलोचं?” सुकार्य कॉफी ढवळत म्हणाला. “अगं, मशीन घ्यायचं की खेळणं? शंभराचं घेऊ. उद्या डुकरं वाढतील.”

धाकटा दीर कोंपियांग, मला ‘म्बोक’ म्हणजे ताई म्हणणारा, टॅक्सी चालवतो आणि गिऱ्हाईक नसलं की फोनवर व्हिडिओ बघत बसतो, म्हणून त्याला सगळं येतं. “शंभरात काय होतंय, ब्ली? बंजारात आता सगळे परत डुकरं घेताहेत. गोळ्या पाडायला येणार कुठे? आपल्याकडेच. अडीचशेचं घे. म्बोक, तुला पण बरं, नुसतं बटण दाबायचं.”

“बटण मी लहानाचंही दाबीन,” मी म्हटलं. हे काही वाकडं नव्हतं. पण सरळ बोललेलं या घरात ऐकू जात नाही.

मग बापा. ते घरं बांधणारे. घरधन्याच्या अंगावरून माप घ्यायचं आणि वर बोटभर जास्त धरून मापात जीव घालायचा, ही त्यांची जन्माची रीत.

“नुसतं माप मेलेलं असतं,” बापा म्हणाले. “थोडा जीव घाला.”

“म्हणजे तीनशे,” कोंपियांग म्हणाला.

“तीनशेचं येत नाही म्हणे. एकदम पाचशेचंच येतं,” सुकार्य म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू देवानंच कौल दिला.

मी गोठ्याच्या उंबऱ्यावर घास ठेवत होते. माझं एवढंसं माप, त्यात तिघांनी आपापला जीव घातला. माझ्या जिवाचं कुणाला सुचलं नाही.

देनपासार शहरातल्या दुकानात मी हट्टानं बरोबर गेले. दुकानदारानं विचारलं, “डुकरं किती?”

“सध्या...” सुकार्यनं घसा खाकरला. “शंभराच्या घरात जातील.”

“नऊ,” मी म्हटलं.

“नऊ, पण एक गाभण आहे ना!”

“ती एका वेळी नव्वद नाही व्यायची, ब्ली.”

दुकानदार हसला. कोपऱ्यात एक गुडघ्याच्या वर येणारं मशीन होतं. वरचं तोंड बादलीएवढं. मी जवळ जाऊन हात पुढे केला. खांदा न उचलता हात तोंडापर्यंत पोचला. मला ते तिथेच आवडलं. सुकार्यनं मात्र त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी त्याला लहान मुलीच्या सायकलवर बसायला सांगतंय.

“चालवणार कोण?” दुकानदारानं विचारलं.

“आम्ही सगळे,” सुकार्य म्हणाला.

आमच्या घरात ‘आम्ही सगळे’ कोण असतं ते मला माहीत आहे. सकाळचे घास कधीच ठेवून झाले होते, बोलायला नेमाची आडकाठी नव्हती. पण परक्या दुकानात नवऱ्याचा पाणउतारा करणंही मला जमेना. पाचशेचं ठरलं. बरोबर डिझेलचं इंजिन, कारण एवढं धूड घरच्या विजेवर चालत नाही. आमच्याकडे भाताचा कुकर आणि इस्त्री एकदम लावली तरी दिवे जातात.

ट्रक आला, पाच माणसांनी ते खाली उतरवलं, तीन पायऱ्या चढवलं, आणि ते दारात अडकलं.

आमच्या आवाराचं दार बापांच्या तरुणपणीच्या अंगाच्या मापाचं आहे. कमरेवर हात ठेवून ते उभे राहिले, या कोपरापासून त्या कोपरापर्यंत माप घेतलं, बोटभर जीव घातला, आणि दार बांधलं. तेव्हा ते बांबूसारखे होते. आता सणाचं जेवण झालं की तेच त्यातून जरा तिरके होऊन जातात. दुसरी वाट नाही. गोठ्याच्या मागे सरळ खोल ओढा.

“तिरकं करा!” “उभं करा!” “चाकं काढा!” सगळी आळी जमली. समोरची मेन सुप्री तिच्या पायरीवरून ओरडली, “सुकार्य, तेल चोळ त्याला! बाळंतिणीसारखं!”

“दार फोडू या,” कोंपियांग म्हणाला.

“फोड,” बापा शांतपणे म्हणाले. “मग मुहूर्त बघ, पुजारी बोलाव. दार पाडायचे नैवेद्य, बांधायचे नैवेद्य, शुद्धीचे नैवेद्य.”

आणि तिघांनी माझ्याकडे पाहिलं. ते सगळं करणार कोण? आम्ही सगळे.

मी मान हलवली. नाही म्हणायला मला आवाज चढवावा लागत नाही.

तर मशीन दाराबाहेर गल्लीतच राहिलं. त्याच्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर मेन सुप्रीच्या कोंबड्या. पण आता ते आमचं होतं, म्हणून रोज सकाळी त्याच्यावरही एक घास ठेवावा लागे. एकही गोळी न पाडता ते रोज माझ्याआधी जेवत होतं.

शेवटी एकदा त्यांनी ते गल्लीतच चालवलं. आवाजानं मेन सुप्रीची बदकं कालव्यापार पळाली. मी नऊ डुकरांचा दिवसाचा कोंडा-भरडा आणून दिला. तो सगळा मशीननं घेतला आणि खालून नुसता भुगा सोडला.

“साचा तापेपर्यंत असंच होतं,” कोंपियांग फोनमध्ये बघून म्हणाला.

“आणि तापल्यावर?”

“तापल्यावर गोळ्या. पण माल संपला ना, म्बोक. कमी मालावर हे चालतच नाही.”

म्हणून त्यांनी एकदम पंधरा दिवसांचा माल घातला. गोळ्या पडल्या, मीही त्या हातात घेऊन पाहिल्या. छान गुळगुळीत होत्या. “पसरून गार होऊ द्या,” मी म्हटलं. गल्लीत पसरायच्या कुठे? आभाळ भरलेलं. गरम गोळ्या तशाच गोण्यांत गेल्या. पहिले दोन-तीन दिवस सेलेमनं खाल्ल्या. मग एके सकाळी मी नवी गोणी उघडली तर आंबूस वास आला, आणि आत हात घातला तर पांढरी बुरशी बोटांना लागली. सेलेमनं माझ्या हाताला नाक लावलं आणि तोंड फिरवलं. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, पोट जमिनीला टेकायला आलेलं.

गाभण डुकरिणीच्या पोटात बुरशी गेली तर ती पिल्लं टाकते. हेही मेमेनंच शिकवलं होतं.

“वरवरचं काढून टाक आणि घाल,” सुकार्य मागून म्हणाला. “थोड्याशा बुरशीनं काय होतंय?”

माझ्या हातात तबक होतं. घास ठेवले, गोण्या खड्ड्यात रिकाम्या केल्या, आणि डाव्या हातानं केळीचं खोड चिरायला बसले. डाव्या हातानं चिरलेलं खोड कसं होतं ते सांगत नाही. सेलेमनं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मी कोंबड्याच्या आधी उठले. भात केला. चुलीपाशी ठेवला, पाण्यापाशी, उंबऱ्यावर, गोठ्यात, देवघरात, आणि शेवटचा त्या मशीनवर. मग रिकामं तबक मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

सुकार्य डोळे चोळत बाहेर आला. तबकाकडे बघून थबकला. “झाले सगळे ठेवून?”

“झाले.”

त्यानं मागे वळून पाहिलं, पण दारात कोंपियांग उभा होता आणि आमची दारं कशी आहेत ते सांगितलंच आहे.

“ब्ली, मी माझ्या हाताला पेलेल ते मागितलं होतं,” मी म्हटलं. माझा आवाज हळूच असतो, तेव्हाही हळूच होता. “तुला बंजारात मोठं दिसायचं होतं तर एखादं स्टूल आणायचं होतंस. सेलेमचे दिवस भरत आलेत. तिनं पिल्लं टाकली तर मेमेला मी काय सांगू? पाचशे किलोचं मशीन आहे म्हणून सांगू?”

“अगं पण—”

“ते परत द्या आणि लहान आणा. आणि ते येईपर्यंत खोडं तू चिर.”

“म्बोक, दुकानदार असं परत घेत नसतात,” कोंपियांग म्हणाला.

“मग टॅक्सीला बांध आणि गिऱ्हाइकांना बेट दाखवतोस तसं त्याला दाखव.”

“बघतो उद्या,” सुकार्य पुटपुटला. त्याचा उद्या मला ठाऊक आहे. पण कोयता मात्र त्यानं उचलला.

बापा ओट्यावर भात खात होते. हात धुऊन ते उठले आणि आतून बांबूची एक पट्टी आणि सुरी घेऊन आले.

“लुह, इकडे ये. उजवा हात वर कर. दुखेल तिथे थांब.”

मी हात उचलला, थांबले. त्यांनी जमिनीपासून माझ्या हातापर्यंत पट्टी धरली आणि सुरीनं खूण केली. मग दारापाशी जाऊन त्याची रुंदी घेतली, दुसरी खूण केली. परत येऊन पहिल्या खुणेवर त्यांनी बोट आडवं धरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी विचारलं, “किती घालू?”

“जीव तिच्या पोटात आहे, बापा. मापात नको.”

त्यांनी बोट काढून घेतलं. “मी आणतो बदलून.”

“छप्परही करतो म्हणाला होतात.”

हे वाकडं होतं. पण घास ठेवून झाले होते. बापांनी मान वर करून छपराकडे पाहिलं आणि पट्टी भिंतीला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यावर घास ठेवायला वाकले होते. मागून पावलं वाजली. बापा अंघोळ करून, स्वच्छ पंचा नेसून, डोक्याला पांढरा फेटा बांधून उभे होते. सुकार्य अजून झोपला होता. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. घास ओलांडला जाऊ नये म्हणून जरासे तिरके झाले, दारातून बाहेर पडले, मशीनवर बसलेली कोंबडी हाकलून ताडपत्री नीट केली, आणि बांबूची पट्टी काखेत धरून देनपासारला जाणारा भाजीचा ट्रक थांबतो त्या मोठ्या रस्त्याकडे चालू लागले.