मुद्देमाल क्रमांक तीनचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, हळू बोलणं मला जमत नाही. तोंड रुंद, पाठीला मूठ, पोटात सहा सेल. कारखान्यात तयार झालो तेव्हा तिथल्या माणसाने मला तोंडाशी धरून नुसतं ‘हॅलो’ म्हटलं, तर पलीकडच्या खोलीतली माणसं धावत आली. तेव्हापासून मी जरा चढूनच गेलो.

डिचोलीच्या बाजारातून मला गुरुदासभाऊंनी विकत घेतलं. गुरुदासभाऊ आमच्या गावचे गावकार, म्हणजे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने केलेलं मागणं. ते एकेक वाक्य बोलतात आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेली माणसं म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ आमच्याकडे नाटक असो, लग्न असो की नवी गाडी असो, गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही.

मला मात्र ते स्कूटरवरून मिरवत. दशावतारी नाटक कधी आहे, नळाला पाणी कधी येणार, कोणाची म्हैस हरवली, सगळं मीच सांगायचो. एकदा तर म्हशीनेच माझा आवाज ऐकला आणि ती आपली आपण घरी आली. गावात माझं फार कौतुक झालं.

मग खाणीच्या मातीचे ट्रक शाळेसमोरून जाऊ लागले. सकाळी शाळा भरताना ट्रक, दुपारी सुटताना ट्रक. शाळेला लागून असलेल्या अंगणवाडीच्या चंद्रावतीबाई मुलांना पेज वाढायच्या, तर वाडगा हातात येईपर्यंत धुळीने पेज लाल. एके दिवशी छोटी सायली ट्रकच्या चाकापासून हातभर अंतरावर वाचली. चंद्रावतीबाईंनी तिला उराशी धरलं ते तासभर सोडलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला, की शाळेच्या वेळेत तेवढे ट्रक थांबवा. अर्जामागून अर्ज गेले. उत्तर काही येईना.

शेवटी गावातल्या बायकांनी रस्त्याच्या कडेला चटया टाकल्या. ट्रकच्या वाटेत कोणी बसलं नाही. नुसतं बसायचं आणि आपलं म्हणणं सांगायचं, एवढंच ठरलं होतं. मी तर खूश. म्हटलं, आज गर्जना करू, डोंगर हलवू.

आणि झालं काय? चंद्रावतीबाई म्हणाल्या, “गुरुदासभाऊ, बसूच्या आधी गाऱ्हाणा घाला.”

गुरुदासभाऊंनी मला तोंडाशी धरलं आणि डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज रस्त्याच्या कडेक बसली हत, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“पोरांक शाळेची वाट मोकळी मेळांदे, म्हाराजा. ट्रकवाल्यांचाय पोट भरांदे, म्हाराजा. कोणाच्या हातान कोणाक दगड लागा नको, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

खरं सांगू? मला राग आला. एवढा माझा आवाज, आणि त्यातून ट्रकवाल्यांच्या पोटाची काळजी? मी सगळा वेळ घुश्श्यात होतो.

तासाभराने पोलिसांची गाडी आली. साहेबांनी मला हिसकावून घेतलं. चंद्रावतीबाई, गुरुदासभाऊ आणि नऊ बायकांना गाडीत बसवलं. कागदावर लिहिलं, ‘बेकायदा जमाव. भोंग्यावरून चिथावणीखोर घोषणा.’ माझ्या मुठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. मुद्देमाल क्रमांक तीन. पहिले दोन क्रमांक चटयांचे होते.

तिथून पुढे दोन वर्षं मी एका कोंदट खोलीत पडून होतो. शेजारी मोडकी स्कूटर. पोटातले सेल फुटून त्यांचं पाणी माझ्या तारांवर उतरलं. एका पालीने माझ्या तोंडात अंडी घातली. पण माझ्यापेक्षा बाहेरचं वाईट होतं. गुन्हा शाबीत झाला तर चंद्रावतीबाईंची नोकरी जाणार होती. त्याहून मोठं म्हणजे गाव गप्प झालं होतं. चार बायका विहिरीवर जमल्या तरी इकडेतिकडे बघून बोलायच्या. ट्रक मजेत चालले होते.

अखेर मला कोर्टात नेऊन टेबलावर ठेवलं. चंद्रावतीबाई समोर उभ्या होत्या, केस पिकलेले. त्यांच्या वकील सुविधा नाईक, पेडण्याच्या, वयाने लहान. साक्षीला आला होता गौरेश, त्या दिवशी सुरुवातीपासून तिथे बंदोबस्ताला असलेला शिपाई.

सुविधाबाईंनी मला उचलून विचारलं, “यातून कोणत्या घोषणा दिल्या गेल्या?”

गौरेशने साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “घोषणा नव्हत्या मॅडम. गाऱ्हाणं होतं.”

“माणसं काय म्हणाली?”

“व्हय म्हाराजा.”

“आणि तुम्ही? तुम्ही तिथे उभे होता ना?”

गौरेशचे कान लाल झाले. “मीपण म्हटलं,” तो म्हणाला. “ड्युटीवर होतो, चूक झाली. पण गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडातून जातंच.”

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईंनी फाइल तोंडापुढे धरली. पण निकाल वाचताना त्या हसल्या नाहीत. शांतपणे एकत्र जमणं आणि आपलं म्हणणं मांडणं हा गुन्हा नाही, तो माणसाचा हक्क आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सगळे सुटले. ‘भोंगा मालकास परत करावा,’ हेही त्यांनी वाचलं. मित्रांनो, माझं नाव निकालात आहे.

ज्या गाऱ्हाण्याचा मला राग आला, त्यानेच सगळ्यांना सोडवलं. तेव्हापासून माझी मिजास थोडी उतरली आहे.

डिचोलीत माझ्या तारा बदलल्या. पुढच्या सोमवारी आम्ही त्याच जागी बसलो. मागे अकरा जण गाडीत गेले होते, आता अख्खं गाव आलं. गुरुदासभाऊंनी गाऱ्हाण्याचं पहिलं वाक्य म्हटलं, आणि पहिला ‘व्हय म्हाराजा’ आला तो मागून, बंदोबस्ताच्या रांगेतून. गौरेशच होता, आणि या वेळी त्याचे कान लाल नव्हते. महिन्याभरात शाळेसमोर ट्रकबंदीची पाटी लागली. शाळेच्या वेळेत आता तिथून एकही ट्रक जात नाही. पेज पांढरी असते.

आता मी अंगणवाडीच्या खुंटीवर असतो. माझंही एक गाऱ्हाणं ऐका. माझे सेल वेळेवर काढून ठेवत जा. ज्याला बोलायचं आहे त्याच्या हातात मला द्या, त्याचं तुम्हाला पटो वा न पटो. आणि शांतपणे बोलणाऱ्या माणसाला कोणी उचलून नेलं, तर तुम्ही जे ऐकलं ते खरं सांगा, कान लाल झाले तरी सांगा.

सांगाल ना? मग म्हणा बघू, माझ्याइतक्या मोठ्याने.