आरशातली पट्टी

मालिकेतला इन्स्पेक्टर हुशार होता, पण त्याच्यात एक खोट होती. आपली चूक तो कधी कबूल करायचा नाही. पुरावा हरवला तर हवालदाराच्या माथी, संशयित पळाला तर नशिबाच्या. लोक त्याला नावं ठेवत आणि रोज न चुकता बघत.

त्याच्या अंगावरच्या बारीकसारीक गोष्टींची नोंद ठेवायचं काम सेटवर सगळे जिला मावशी म्हणत, तिच्याकडे होतं. शर्टाची किती बटणं उघडी, कपात चहा किती उरला, घड्याळ कोणत्या हातात, सगळं तिच्या वहीत. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी तीन-चार दिवस चित्रित होई आणि पडद्यावर मात्र तो सलग दिसावा लागे. बावीस वर्षांत तिची वही कुणी खोटी पाडली नव्हती.

गुरुवारी सकाळी संकलकाचा फोन आला. सोमवारी इन्स्पेक्टरच्या डाव्या तळहाताला असलेली पट्टी मंगळवार-बुधवारी उजव्या हाताला गेली होती.

दिग्दर्शकाने रंगभूषाकाराला बोलावलं. त्यांना सगळे बुवा म्हणत.

"बुवा, मागच्या महिन्यात मिशी वाकडी, आता ही पट्टी. उद्यापासून मी दुसरा माणूस बघतो."

"विचारून बांधली होती, साहेब."

"कुणाला?"

बुवांनी मावशीकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता आठवत नाही," म्हणाले.

 मावशीने कोपऱ्यात जाऊन वही उघडली. सोमवारचं पान: 'पट्टी, उजवा तळहात.' त्या दिवशी इन्स्पेक्टर आरशासमोर उभा राहून संशयिताशी झटापटीत झालेली जखम बांधत होता. खोली अरुंद, म्हणून कॅमेरा त्याच्या पाठीमागे ठेवून आरशातलंच रूप टिपलं होतं. समोरच्या माणसाचा जो हात आपल्या डावीकडे दिसतो, तो त्याचा उजवा, हे मावशीच्या अंगवळणी पडलेलं. पण आरशाचं तसं नसतं. तिथे डावीकडे दिसतो तो डावाच. शाळेतल्या पोराला कळावी अशी गोष्ट, आणि तिथेच ती घसरली होती.

वही पेन्सिलीने लिहिलेली. खोडरबर हाताशी. एक शब्द बदलला की झालं, आणि बुवा तर तोंड उघडणार नव्हते.

पलीकडे इन्स्पेक्टरचं काम करणारा नट, लेखिका आणि दिग्दर्शक आजच्या प्रसंगावरून हुज्जत घालत होते.

"अहो, हा माणूस कधीतरी 'माझं चुकलं' म्हणेल की नाही?" नट कुरकुरत होता. "दोनशे भाग झाले."

"म्हणायला काही कारण तर हवं," लेखिका म्हणाली. "उगीच कोण कशाला म्हणेल?"

"माझं चुकलं," मावशी म्हणाली.

"तेच वाक्य, मावशी. असंच साधं," नट खुश झाला.

"वाक्य नाही हो. पट्टीचं माझं चुकलं. मी आरशात बघून लिहिलं. बुवांनी मला विचारूनच बांधली होती." तिने वही उघडी करून पुढे ठेवली.

दिग्दर्शकाने पान वाचलं. "दोन दिवसांचं काम पाण्यात गेलं, मावशी."

"हो. माझ्याऐवजी दुसरं कुणी बघायचं तर बघा. बुवांना ठेवा."

 नटाने आपले दोन्ही तळहात समोर धरले, एकदा हा पाहिला, एकदा तो.

"जखम झालीच नव्हती असं केलं तर? संशयित पळाला तेव्हा हा गाडीत झोपला होता. झटापटीची थाप मारली, आणि पट्टी आधी डाव्या हाताला होती हेच विसरून नंतर उजव्याला बांधली."

"आणि ते हवालदाराच्या लक्षात येतं," लेखिका सावकाश म्हणाली. तिचं पेन चालू लागलं होतं. "आता मात्र त्याला कबूल करावंच लागेल."

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. मग वही मिटून मावशीच्या हातात परत दिली. "झालेलं चित्रीकरण तसंच राहू दे. तुम्ही दोघंही आपापल्या जागेवर जा. बुवा, पट्टी बांधा."

बुवा पट्टीची गुंडाळी घेऊन मावशीपाशी आले. "मी गप्प होतो ना," ते हळूच पुटपुटले. "कशाला बोललात?"

"तुमची स्मरणशक्ती फार कच्ची, बुवा. कुणीतरी आठवण करून द्यायला नको?"

"बरं. कोणता हात?"

मावशीने वही उघडली नाही. ती उठून नटाजवळ गेली आणि पेन्सिलीचं टोक त्याच्या उजव्या तळहातावर टेकवलं.

"हा."