गिरणीतला दिवा

सकाळी पोथीचा अध्याय संपेपर्यंत गोजरबाई कुणाशी बोलत नसत. लग्न होऊन तिसगावात आल्या त्याच वर्षी त्यांनी हे मौन धरलं होतं. पाहुणेरावळे आले, पोरं तापानं फणफणली, तरी ते मोडलं नाही. अंघोळ, तुळशीला पाणी, मग देवघरात पोथी. तोवर घरानं आपलं काय ते खाणाखुणांवर भागवायचं.

त्यांच्या मालकांनी, श्रीमंतरावांनी, याचा कधी राग धरला नाही. पिठाची गिरणी चालवणारा माणूस, चेष्टा केल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. सकाळी गिरणीकडं जाताना ते देवघराच्या उंबऱ्यात थांबायचे आणि मुद्दाम काहीतरी विचारायचे. बाईंचा तळहात वर झाला, की म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या. देवाची लाईन बिझी हाय," आणि हसत निघून जायचे.

त्या दिवशी ते हसले होते की नाही, हे गोजरबाईंना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशीही ते उंबऱ्यात आले. "अगं, मला जरा..." एवढंच म्हणाले. बाईंची पाठ त्यांच्याकडं होती आणि बोट पोथीच्या ओळीवर. त्यांनी मागं न वळता हात वर केला. पाठीमागं काही बोलणं झालं नाही. मग चपलांचा आवाज अंगणातून गिरणीकडं गेला. अध्याय पुरा करून, देवाला नमस्कार घालून, त्या चहा घेऊन गेल्या तेव्हा चक्की चालू होती, पट्टा फिरत होता, आणि श्रीमंतराव चक्कीपाशी आडवे पडले होते. टॉवेल खांद्यावरच होता. डॉक्टर आले, नाडी धरली आणि मान हलवली. हार्ट अटॅक.

मला जरा, काय? पाणी दे? छातीत कळ येतेय? का आपलं रोजचंच, मला जरा चहात साखर जास्त टाक? रडणं आवरलं की हाच एक प्रश्न गोजरबाईंच्या मनात येऊन बसे. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, बाई, तुमची काय चूक? आणि ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

मग दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांना यंत्राची आठवण झाली.

गिरणीत फळीवर एक काळं खोकं होतं. डीव्हीआर म्हणायचे त्याला. आतल्या कॅमेऱ्याचं चित्र त्यात साठायचं आणि शेजारच्या छोट्या टीव्हीवर मागं नेऊन बघता यायचं. बाजाराच्या दिवशी गर्दीत दळणाचे डबे बदलायचे, भांडणं व्हायची, म्हणून श्रीमंतरावांनी ते हौसेनं बसवून घेतलं होतं. एकदा शेजारच्या रंगुबाईंनी गिरणी डोक्यावर घेतली, की माझा गव्हाच्या पिठाचा डबा कुणीतरी पळवला आणि मला बाजरी ठेवली. श्रीमंतरावांनी त्यांना स्टुलावर बसवलं, यंत्र मागं नेलं. टीव्हीत रंगुबाई स्वतःच दुसऱ्याचा डबा कमरेवर घेऊन तरातरा चालल्या होत्या.

"अगं बया, ही मीच का?"

"छे छे, तुमची जुळी बहीण. तिला सांगा, डबा आणून दे म्हनावं."

त्या दिवशी गिरणीतल्या बायका पीठ सांडेस्तोवर हसल्या होत्या.

दुसरीकडं कुठं श्रीमंतरावांचं हलतं चित्र नव्हतंच. अजिनाथच्या, म्हणजे मुलाच्या, लग्नाची सीडी होती. तीत ते पंगतीत वाढताना पाठमोरे दिसायचे. नातवानं मोबाईल समोर धरला की तोंडावर टॉवेल घ्यायचे. "पिठाळ तोंडाचा कसला व्हिडिओ काढतो रं?" पण गिरणीतला कॅमेरा घराकडून येणाऱ्या दाराच्या समोरच होता. त्या सकाळी देवघरातून निघून ते त्याच दारानं आत आले असणार. त्यांचं तोंड त्यात असणार. हसरं, की कळवळलेलं. तेवढं कळलं असतं तर पुरे होतं.

पण त्यांनी ते लगेच पाहिलं नाही. समाचाराला आलेल्या रंगुबाई म्हणाल्या होत्या, "गोजरबाई, दहा दिवस मागं हाक मारायची न्हाई, बघा. गेलेला जीव अडकून ऱ्हातो." गोजरबाईंना ते पटलं. आपल्या जिवाच्या समाधानासाठी त्यांना मागं कशाला ओढायचं? दहावं होऊ द्यावं. यंत्रात आहे ते कुठं जातंय?

सुतकात देवघर बंद. पोथी नाही, मौन नाही. सकाळच्या वेळी तोंड मोकळं असायचं, पण उंबऱ्यात येऊन विचारणारा नव्हता.

ज्या जागी जीव गेला तिथं दिवा लावायचा असतो. म्हणून चक्कीपाशी ताटलीत पीठ पसरून त्यावर समई ठेवली होती. पीठ त्यांच्याच हातचं, शेवटच्या दळणाचं. दिवा दहा दिवस विझू द्यायचा नाही. गोजरबाई उठता बसता जाऊन तेल घालत, वात पुढं करत. बाकी गिरणीत कुणाला पाऊल टाकू देत नव्हत्या.

चवथ्या-पाचव्या दिवशी अजिनाथ दारातून म्हणाला, "आई, तात्यांचं हे कॅमेऱ्याचं मशीन बंद करून टाकू का? गिरणी बंद हाय, उगंच चालू ऱ्हातंय."

"नको रे बाळा. त्यांच्या हातानं चालू केलेलं हाय. दहाव्यापर्यंत या जागंचं काही विझवू नको."

दहावं झालं. कावळा लगेच शिवला; लोक म्हणाले, माणूस समाधानानं गेला. गोजरबाईंनी मान खाली घातली. घरी आल्यावर म्हाताऱ्या बायकांनी ताटलीतलं पीठ पाहिलं. पिठावर उमटलेल्या खुणेवरून गेलेल्याचा पुढचा जन्म सांगतात. रंगुबाईंनी डोळे बारीक केले. "चिमणीचं पाऊल हाय. व्हय का न्हाई, बघा तुमीच. लई पुण्याचा जीव."

दुसऱ्या दिवशी गोजरबाईंनी अजिनाथला सांगून पाथर्डीचा कल्याण नावाचा कारागीर बोलावून घेतला. गिरणीतला कॅमेरा त्यानंच बसवला होता. सूनबाई पंकजानं त्याला चहा दिला. तो स्टुलावर बसून माऊस फिरवू लागला.

"कोणता दिवस बघायचाय, मावशी?"

"ते गेले तो. सकाळचा."

कल्याणनं तारीख टाकली. टीव्ही काळाच राहिला. त्यानं दुसरी टाकली, तिसरी टाकली. मग चहाचा कप खाली ठेवला.

"मावशी, तो दिवस गेला."

"गेला म्हंजे?"

"यातली डिस्क लहान हाय. भरली की मशीन सगळ्यात जुनं पुसतं अन् त्यावर नवं लिहितं. पाटी पुसून लिहितो ना आपन, तसं."

"पण भरंल कशी?" अजिनाथ पुढं झाला. "तात्यांनी तुझ्याकडूनच करून घेतलं हुतं ना, कुनी हललं तरच रेकॉर्ड व्हावं म्हनून? आमच्या बैठकीचा मांडव पलीकडं दारात हुता. इथं तर दहा दिवस कुनी फिरकलं न्हाई."

कल्याणनं उरलेलं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर अंधारी गिरणी आली आणि मध्यभागी समई. ज्योत वाऱ्यानं एकदा इकडं लवायची, एकदा तिकडं.

"हे हलतंय ना," तो हळू म्हणाला. "कॅमेऱ्याला काय कळतंय, मानूस का दिवा? त्याला वाटलं कुनीतरी हलतंय. दिवसरात्र हेच घेत बसलाय. याच्याखाली दबलं बाकीचं."

पडद्यावर एक बाई आली, वाकली, तेल घातलं, पदरानं वारा अडवून वात पुढं केली. ज्योत मोठी झाली. गोजरबाई स्वतःला बघत राहिल्या.

"नगरला कुनाकडून काढता येईल का?" पंकजानं विचारलं.

"वहिनी, नुसतं पुसलेलं असतं तर बघितलं असतं. हे वरून लिहिलंय."

"मधीच बंद केलं असतं तर?" गोजरबाईंनी विचारलं. "चवथ्या-पाचव्या दिवशी?"

कल्याणनं चहाचा कप पुन्हा उचलला. अजिनाथनं आईकडं पाहिलं, मग दुसरीकडं. "जाऊ दे आई. तुला चहा आनू का?" मी म्हणालो होतो, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं गोजरबाईंना वाटलं.

रेकॉर्डिंग चालूच होतं. सकाळचा उजेड आला. झरोक्यातून एक चिमणी उतरली, ताटलीत बसली, पीठ टिपलं, आजूबाजूला पाहिलं आणि उडून गेली. पंकजाला हसू आलं आणि तिनं तोंडाला पदर लावला. "आई, रंगूआत्यांची चिमनी."

"असू दे," गोजरबाई म्हणाल्या. "ते गिरणीतल्या चिमण्यांना रोज घालायचे. भुकेली असंल."

सुतक फिटलं, देवघर उघडलं. पोथीवरचं फडकं काढताना त्यांना एकदा वाटलं, की हे मौनच सोडून द्यावं. पण देवाला दिलेला शब्द; आणि देवानं काही केलंच नव्हतं. त्या फक्त नेहमीपेक्षा लवकर, अंधारातच उठल्या होत्या. अंघोळ, तुळस, अध्याय. सगळं उरकलं तेव्हा घर अजून झोपलेलं होतं. मग पदर सावरून त्या देवघराच्या उंबऱ्यातच बसून राहिल्या.

टेम्पोची चावी घेऊन अजिनाथ बाहेर पडला आणि त्यांना पाहून थबकला. नेहमीच्या सवयीनं त्यानं हातानंच विचारलं, काय?

"बोल की. झाली माझी पोथी."

"एवढ्या लवकर? बरं नाही का वाटत?"

"बरी हाय. तुला जाताना काही विचारायचं असंल, म्हनून बसले."

"मला काय विचारायचं असनार?" तो हसला. "येतो."

"ये बाळा. सावकाश जा."

टेम्पोचा आवाज पाथर्डीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या तिथंच होत्या. जरा लवकर उठायचं, एवढंच तर होतं. इतक्या वर्षांत हे एकदाही सुचलं नाही. गिरणीकडचं दार बंद होतं. त्याच्याकडं तोंड करून, कुणी घरात ऐकू नये अशा बेतानं, त्या म्हणाल्या, "काय म्हनत होतात? सांगा आता."